नकाराचा रकाना

एका समुदायाधारित आरोग्य संशोधन केंद्रातील प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील केंद्र, वस्ती आणि माणसे ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. प्रस्तुत लेखिका त्या काळात केंद्रात क्षेत्र समन्वयक होती आणि येथे वर्णन केलेल्या काही चुका तिच्या स्वतःच्या आहेत. त्यामुळे हे लेखन तटस्थ असल्याचा दावा नाही.

पार्श्वभूमी

एका दाट कामगार वस्तीतील प्रौढांचा रक्तदाब आणि मधुमेह यांचा काही वर्षे पाठपुरावा करावा, असा अभ्यास केंद्राने हाती घेतला होता. त्याच माणसांकडे ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा जायचे, तीच मोजमापे पुन्हा घ्यायची आणि कोणाचे काय होत गेले हे नोंदवायचे, असे या पद्धतीचे स्वरूप असते. इंग्रजीतला ‘कोहॉर्ट’ हा शब्दच मराठीतही रुळला आहे. या पद्धतीतला सर्वांत प्रसिद्ध अभ्यास फ्रेमिंगहॅम या अमेरिकन गावात १९४८ मध्ये सुरू झाला. त्यात ५,२०९ स्त्री-पुरुष होते आणि ते दर दोन वर्षांनी तपासणीला येत राहिले, म्हणूनच रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध उलगडू शकला. अशा अभ्यासातून निसटलेल्या माणसाची जागा नवा माणूस भरून काढू शकत नाही. एकवेळच्या सर्वेक्षणात दार बंद झाले तर शेजारचे ठोठावता येते, पण येथे ती सोय नसते.

केंद्राचे संचालक साथरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याखाली एक सांख्यिकी तज्ज्ञ, एक परिचारिका, एक लेखापाल आणि मी असे पगारी कर्मचारी होतो. प्रत्यक्ष घरोघरी जाण्याचे काम वस्तीतच राहणाऱ्या आठ क्षेत्र कार्यकर्त्या करीत. कार्यकर्ते वस्तीतूनच निवडण्याची रीत जुनी आहे. सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने १९४० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील फोलेला येथे आरोग्यकेंद्र उभारले, तेव्हा त्यांनीही स्थानिक माणसांनाच आरोग्यशिक्षक म्हणून तयार केले होते. अशा माणसाला बोली कळते, कोणत्या वेळी कोणते घर उघडे असते हे माहीत असते आणि मुख्य म्हणजे त्याला दारातून परत पाठवणे लोकांना जड जाते. या शेवटच्या गोष्टीचा आम्ही उपयोग करून घेत होतो, हे तेव्हा आम्ही स्वतःशीही कबूल केले नव्हते.

केंद्राच्या माहितीपत्रकात ‘केंद्रामागची माणसे’ असे एक पान होते. त्यावर संचालकांपासून लेखापालापर्यंत प्रत्येकाचे नाव, शिक्षण आणि छायाचित्र होते. आठही कार्यकर्त्यांचे मिळून एकच समूहछायाचित्र होते आणि त्याखाली ‘आमचा क्षेत्र चमू’ एवढेच छापले होते. हे पान मीच तयार केले होते.

याशिवाय वस्तीतील नऊ जणांचे एक लोकसल्लागार मंडळ होते. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची जी आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तिच्यात सल्लामसलत चौथ्या पायरीवर आणि भागीदारी सहाव्या पायरीवर येते. आमचे मंडळ चौथ्या पायरीवर बसलेले होते, मात्र अनुदानाच्या अर्जात आम्ही त्याचे वर्णन सहाव्या पायरीच्या भाषेत केले होते.

प्रश्न कसा लक्षात आला

तिसऱ्या फेरीच्या मध्यावर सांख्यिकी तज्ज्ञांनी मला त्यांच्या टेबलाशी बोलावले. रक्तदाब मोजण्यासाठी आम्ही स्वयंचलित यंत्र वापरत होतो. पाऱ्याच्या जुन्या यंत्रावर माणूस आकडा डोळ्यांनी वाचतो, त्यामुळे त्याचा हात शून्याकडे झुकतो आणि १२०, १३०, १४० असे आकडे अवाजवी जास्त येतात. स्वयंचलित यंत्राला असा मोह नसतो. पुरेशा नोंदी झाल्या की शेवटच्या स्थानी शून्यापासून नऊपर्यंतचा प्रत्येक अंक साधारण दहापैकी एकदा यायला हवा. सात कार्यकर्त्यांच्या नोंदी तशाच होत्या. आठवीच्या नोंदींत मात्र दोन, चार, सहा आणि आठ यांची दाटी होती आणि विषम अंक जवळजवळ नव्हतेच.

एवढ्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे झाले असते, कारण यंत्रही बिघडू शकते. म्हणून त्यांनी टॅबने आपोआप नोंदवलेल्या वेळा काढल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘स्टेप्स’ पद्धतीनुसार माणसाला आधी पंधरा मिनिटे शांत बसवायचे, मग तीन-तीन मिनिटांच्या अंतराने तीनदा रक्तदाब मोजायचा आणि दुसऱ्या व तिसऱ्या मोजमापाची सरासरी धरायची असते. विश्रांतीचा काळ सोडला तरी पहिल्या आणि तिसऱ्या मोजमापात किमान सहा मिनिटे जायलाच हवीत. या कार्यकर्तीच्या अनेक नोंदींत तिन्ही मोजमापे दीड मिनिटाच्या आत उमटली होती. यंत्राचा पट्टा एकदा फुगून उतरायलाच अर्धे-पाऊण मिनिट लागते.

सर्वेक्षणाच्या व्यवसायात याला ‘कर्बस्टोनिंग’ असे नाव आहे, म्हणजे घरोघरी न जाता पदपथाच्या कडेवर बसून अर्ज भरणे. संशोधनातील गैरवर्तनाची जी सर्वमान्य व्याख्या आहे, तिच्यात बनावट नोंद, फेरफार आणि वाङ्मयचौर्य या तीन गोष्टी येतात, आणि ही पहिलीच होती.

मी चार घरांत स्वतः फेरतपासणीला गेले. तीन घरांत ‘या वेळी कोणी आले नाही’ असे सांगितले. चौथ्या घरातील वयस्क गृहस्थांनी मला आत बोलावले नाही. उंबऱ्यातच उभे राहून ते म्हणाले, ‘मॅडम, तुमचा कागद भरला ना? मग झालं की. आमचं काय झालं, ते विचारायला कधी आलात?’

ज्या कार्यकर्तीबद्दल हे लिहीत आहे, त्यांना वस्तीत सगळे ताई म्हणत, येथेही तेच संबोधन वापरते. ताईंशी मी दुसऱ्या दिवशी बोलले. त्यांनी काहीही नाकारले नाही. त्यांच्या गल्लीतील एका गृहस्थांचा वरचा रक्तदाब पहिल्या दोन्ही फेऱ्यांत १६० च्या वर, पण १८० च्या आत आला होता. निदानासाठी १४०/९० ही मर्यादा सर्रास वापरली जाते. आमच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी कार्यपद्धतीत, मात्र दवाखान्याची चिठ्ठी १८०/११० च्या पुढेच द्यायची होती. त्याखालील उच्च आकड्यांसाठी ‘तपासून घेण्यास सांगावे’ एवढीच सूचना होती. ताईंनी दोन्ही वेळा तसे सांगितले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मधल्या काळात त्या गृहस्थांना पक्षाघात झाला. वेळेवर उपचार झाले असते तर तो टळला असता की नाही, हे एका माणसाबाबत कोणीच सांगू शकत नाही. पण त्यांच्या पत्नीने ताईंना भर रस्त्यात विचारले होते, ‘तुला आकडा माहीत होता ना गं?’

त्यानंतर त्या गल्लीतील दारे ताईंसाठी बंद होत गेली. ‘नकार लिहायचा होता मग,’ असे मी म्हणाले, तेव्हा त्यांनी टॅब माझ्यापुढे सरकवला. घरभेटीच्या निष्पत्तीच्या पर्यायांत ‘पूर्ण’, ‘घर बंद’, ‘स्थलांतरित’ आणि ‘मृत’ हे सरळ निवडता येत होते. ‘नकार’ निवडला की पर्यवेक्षकाचा संकेतांक मागणारी चौकट उघडत असे. शिवाय मानधन पूर्ण झालेल्या अर्जामागे होते. नकाराला मानधन नव्हते आणि महिन्यात ठरावीक संख्येहून अधिक नकार आले तर माझ्यासमोर स्पष्टीकरण द्यावे लागत असे. ही चौकट गैरवापर टाळण्यासाठी ठेवली होती. तिच्यामुळे नकार खरोखरच कमी नोंदले गेले होते आणि त्या कमी संख्येबद्दल आम्ही वार्षिक अहवालात समाधान व्यक्त केले होते.

समोर असलेले पर्याय

संचालक, सांख्यिकी तज्ज्ञ, परिचारिका आणि मी असे चौघे त्या आठवड्यात तीनदा बसलो. सर्वांत सोपा पर्याय सर्वांना ठाऊक होता: ताईंना कामावरून कमी करायचे, त्यांच्या तिसऱ्या फेरीतील नोंदी गाळायच्या आणि पुढे जायचे. त्याच्या बाजूने असलेला युक्तिवाद कमकुवत नव्हता. बनावट नोंद ही बनावटच असते. उरलेल्या सात जणींनी त्याच मानधनात आणि त्याच नियमांत प्रामाणिकपणे काम केले होते, त्यांना आपण काय सांगणार, असा संचालकांचा प्रश्न होता. या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हाही पूर्ण उत्तर नव्हते आणि आजही नाही.

संशयास्पद नोंदी ‘अनुपलब्ध’ मानून सांख्यिकी पद्धतीने त्यांची उणीव भरून काढावी, असा दुसरा विचार पुढे आला. तो सांख्यिकी तज्ज्ञांनीच खोडून काढला. विदा, म्हणजे नोंदवलेली माहिती, यदृच्छया, कोणत्याही विशिष्ट कारणाविना, हरवलेली असेल तर अशी भरपाई चालते. येथे हरवलेली माणसे विशिष्ट कारणाने हरवली होती आणि त्या कारणाचा संबंध नेमका आम्ही मोजत असलेल्या आजाराशी होता. ज्यांचा रक्तदाब जास्त आणि ज्यांना त्याबद्दल कोणी काही केले नाही, तीच माणसे दार बंद करीत असतील तर उरलेल्यांवरून त्यांचा अंदाज बांधणे म्हणजे प्रश्नच पुसून टाकणे होते.

तिसरा पर्याय फेरी थांबवून नीतिमत्ता समितीला आणि अनुदान देणाऱ्या संस्थेला कळवण्याचा होता. यावर फारसा वाद झाला नाही, कारण ते बंधनकारकच होते. कधी आणि किती कळवायचे एवढाच प्रश्न होता. संचालकांना आधी पूर्ण चौकशी हवी होती, तर परिचारिकेचे म्हणणे असे की चौकशी लांबली की ती आपल्या बाजूने झुकू लागते. समितीला त्याच आठवड्यात प्राथमिक पत्र गेले.

खरा मतभेद वस्तीला सांगायचे की नाही यावर होता. संचालकांचे मत विरोधात होते. अर्धवट माहितीने अफवा उठतील, इतर गल्ल्यांतही नकार वाढतील आणि वर्षानुवर्षांचे काम वाया जाईल, ही त्यांची भीती होती. मी उलट बाजूने होते. अमेरिकेतील टस्कीगी येथील सिफिलिसच्या अभ्यासाचा उल्लेख या बैठकीत मी केला आणि तो संचालकांना लागला, हे नमूद करायला हवे. १९३२ ते १९७२ या ४० वर्षांत त्या अभ्यासात सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांची नोंद झाली. त्यांपैकी ३९९ जणांना आजार होता आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस पेनिसिलिन हा प्रस्थापित उपचार झाल्यावरही त्यांना तो दिला गेला नाही. डॉक्टर बदलत गेले, पण त्या माणसांच्या ओळखीची युनिस रिव्हर्स ही परिचारिका राहिली आणि तिच्या शब्दावर माणसे येत राहिली. आमचा अभ्यास त्या पंक्तीतला नव्हता. आम्ही कोणाचा उपचार रोखला नव्हता आणि काही लपवलेही नव्हते. पण लोकांचा विश्वास एका ओळखीच्या स्त्रीवर असतो आणि त्या विश्वासावर संशोधन चालते ते मात्र संस्थेचे, ही रचना दोन्हीकडे सारखीच होती.

केलेली कार्यवाही

तिसरी फेरी सहा आठवडे थांबवण्यात आली. ताईंच्या त्या फेरीतील सर्वच नोंदी बाद केल्या. त्यांतील काही खऱ्या होत्या, असे त्यांचे आणि काही कुटुंबांचेही म्हणणे होते. पण खऱ्या-खोट्याची निवड आम्हीच करणार असू तर त्या निवडीवर कोणी का विश्वास ठेवावा, हा सांख्यिकी तज्ज्ञांचा आग्रह मान्य झाला. आठही कार्यकर्त्यांच्या नोंदींतील नमुन्याची फेरतपासणी बाहेरच्या व्यक्तीकडून करून घेतली.

प्रोटोकॉलमधील चिठ्ठीची मर्यादा खाली आणली. दोन वेगवेगळ्या भेटींत १४०/९० च्या वर आकडा आला की परिचारिका स्वतः घरी जाईल, लेखी चिठ्ठी देईल आणि महिनाभराने काय झाले ते पुन्हा विचारेल, असे ठरले. जवळच्या सरकारी दवाखान्याशी बोलून चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांसाठी आठवड्यातील दोन दुपारी राखून घेतल्या. सहभागी व्यक्तींच्या आरोग्याच्या गरजांची तरतूद अभ्यासाच्या आखणीतच असावी, हे ‘सिऑम्स’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थांच्या परिषदेच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलेले आहे. ती तत्त्वे आमच्या कपाटात होती.

मानधन अर्जामागे न देता मासिक करण्यात आले. टॅबवरील संकेतांकाची चौकट काढली आणि ‘नकार’ हा पर्याय इतर चार पर्यायांच्या रांगेत आणला.

ताईंना कामावरून काढले नाही, पण मोजमापाच्या कामातून बाजूला करून परिचारिकेबरोबर पाठपुराव्याचे काम दिले. या निर्णयावर दोन कार्यकर्त्या नाराज झाल्या. त्यांपैकी एक मला म्हणाली, ‘मॅडम, मी उन्हातान्हात चार-चार चकरा मारल्या, म्हणून माझे आकडे खरे आहेत. त्याचं काय?’ पुढील महिन्यापासून सर्वांच्या मानधनात वाढ झाली. तो या प्रश्नाच्या उत्तराचा जेमतेम एक भाग होता.

वस्तीला सांगण्याचा निर्णय अखेर लोकसल्लागार मंडळानेच घेतला. संचालकांनी मंडळापुढे बाजू मांडली तेव्हा मंडळातील एका सदस्याने विचारले की लोकांना हे आधीच माहीत आहे, फक्त तुम्हाला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही, मग लपवायचे कोणापासून? त्यानंतर सभा ठरली. तीन संध्याकाळी, वस्तीच्या तीन भागांत. प्रत्येक कुटुंबाला तीन फेऱ्यांतील स्वतःच्या मोजमापांचे कार्ड बंद पाकिटात देण्यात आले आणि परिचारिका ते वाचून समजावण्यासाठी बसली.

यांतील एका सभेत माझ्याकडून मोठी चूक झाली. नाव घ्यायचे नाही असे ठरले होते आणि मी ते घेतले नाही. पण कोणत्या गल्लीतील नोंदी बाद झाल्या, असे एकाने विचारताच मी प्रांजळपणाच्या भरात गल्ली सांगून टाकली. त्या गल्लीत एकच कार्यकर्ती जात होती. गल्ली सांगणे म्हणजे नाव सांगणेच होते. ताई सभेत मागे उभ्या होत्या. मी वाक्य पुरे करेपर्यंत त्या निघून गेल्या होत्या.

परिणाम

फेरी चार महिने उशिरा पूर्ण झाली. अनुदान देणाऱ्या संस्थेने मुदत वाढवली, पण रक्कम वाढवली नाही. त्यामुळे आहाराविषयीची संपूर्ण प्रश्नावली वगळावी लागली. तो त्या अभ्यासाचा एक चांगला भाग होता आणि तो कायमचा गेला. बाद केलेल्या नोंदींची संख्या आणि कारण यांची माहिती पुढे प्रसिद्ध झालेल्या निबंधातील पद्धतीच्या भागात दिली. एका परीक्षकाने हा परिच्छेद अनावश्यक असल्याचे सुचवले, तरी तो ठेवला.

कार्ड वाटल्यानंतर बहुतेक गल्ल्यांत सहभाग टिकला आणि काही ठिकाणी सोडून गेलेली माणसे परत आली. ताईंच्या गल्लीत तसे झाले नाही. पक्षाघात झालेल्या गृहस्थांच्या कुटुंबाने कार्ड घेतले नाही. परिचारिका दोनदा जाऊन आली आणि तिसऱ्यांदा जाऊ नये, असे मंडळाने सांगितले. ते योग्यच होते.

नोंदींवर ‘नकार’ मोकळेपणाने लिहिता येऊ लागल्यावर नकारांचे प्रमाण अर्थातच वाढलेले दिसले. वार्षिक बैठकीत हा आलेख घसरणीसारखा दिसत होता आणि तो घसरणीचा नाही हे समजावण्यात बराच वेळ गेला. मंडळाला प्रोटोकॉल समितीत दोन जागा मिळाल्या. त्यानंतरच्या पहिल्या बैठकीत चिठ्ठीच्या मर्यादेवर जेवढी तपशीलवार चर्चा झाली, तेवढी मूळ आखणीच्या वेळी तज्ज्ञांत झाली नव्हती.

ताईंनी सहा महिन्यांनी काम सोडले. मी त्यांना भेटून माफी मागितली. त्यांनी चहा दिला, मुलांची चौकशी केली आणि त्या विषयावर एक शब्दही काढला नाही.

वेगळे काय करता आले असते

सभेत काय सांगायचे, कुठवर सांगायचे आणि ताई त्या वेळी तेथे असाव्यात की नाही, हे सभेपूर्वी त्यांच्याशी बोलून ठरवायला हवे होते. वस्तीशी प्रामाणिक राहण्याच्या घाईत आम्ही वस्तीतल्याच एका माणसाला गृहीत धरले. संशोधनात सहभागी होणाऱ्यांची ओळख जपण्यासाठी आमच्याकडे कुलूपबंद कपाटे आणि संकेतांक होते. कार्यकर्त्यांची ओळख जपण्याचा विचार कोणत्याही कागदावर नव्हता, कारण त्या आमच्या बाजूच्या समजल्या जात होत्या. प्रत्यक्षात त्या दोन्ही बाजूंच्या होत्या आणि अडचण नेमकी तीच होती.

मोजमापांचे निकाल पहिल्या फेरीनंतर लगेच द्यायला हवे होते. वैद्यकीय संशोधनाच्या नीतीविषयीच्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०१३ च्या आवृत्तीत सहभागी व्यक्तींना अभ्यासाची सर्वसाधारण निष्पत्ती जाणून घेण्याचा पर्याय असावा, असे म्हटले आहे. आम्ही त्याचा अर्थ अभ्यास संपल्यावर सभा घेणे असा सोयीस्करपणे लावला. स्वतःच्या दंडाला पट्टा लावलेल्या माणसाला आपला आकडा आजच हवा असतो.

अंत्यांकांची आणि वेळांची तपासणी पहिल्या महिन्यापासून दर आठवड्याला करता आली असती. त्यासाठी कोणताही खर्च नव्हता. मात्र ती तपासणी केवळ चोर पकडण्यासाठी वापरली असती तर फार उपयोग झाला असता, असे मला वाटत नाही. ताईंच्या नोंदी दीड मिनिटात का भरल्या जाऊ लागल्या, हे आकड्यांवरून कळले नसतेच. त्यासाठी दर आठवड्याला कार्यकर्त्यांना ‘या आठवड्यात कोण रागावले?’ असे विचारणारे कोणीतरी हवे होते. ते काम माझ्या पदाच्या वर्णनात होते आणि मी ते मासिक आढाव्यात उरकत होते.

निवाडा कार्यकर्तीविरुद्ध द्यायचा की व्यवस्थेविरुद्ध, यावर आमच्यात आजही एकमत नाही. संचालक अजून म्हणतात की तीच चौकट आणि तेच मानधन असताना सात जणींनी खोटे लिहिले नाही. ते खरे आहे. पण त्या सात जणींपैकी कोणाच्याही गल्लीत तोवर कोणाला पक्षाघात झालेला नव्हता.

माहितीपत्रकाच्या पुढील आवृत्तीत कार्यकर्त्यांची स्वतंत्र नावे आणि छायाचित्रे द्यायचे ठरले, तेव्हा दोघींनी नाव देण्यास नकार दिला. त्यांची नावे छापली नाहीत. चौथ्या फेरीत टॅबवरील ‘नकार’ या पर्यायाखाली कारण लिहिण्यासाठी एक मोकळी ओळ जोडली होती. ताईंच्या गल्लीत नव्याने जाऊ लागलेल्या कार्यकर्तीने तेथे केलेली पहिली नोंद अशी होती: ‘आजोबा बरे आहेत का ते आधी विचारा, मग यंत्र आणा, असे म्हणाल्या.’